पाच तारांची सिरियल केबल : बीबीसी मायक्रोपासून लॅपटॉपपर्यंत

सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या एका गल्लीत रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे एक जुने दुकान आहे. तेथून मी या वर्षी मार्च महिन्यात एक सिरियल केबल, म्हणजे माहिती एकेक बिट करून नेणारी तार, बनवून घेतली. तिच्या एका टोकाला लॅपटॉपमध्ये बसणारा यूएसबी प्लग आहे आणि दुसऱ्या टोकाला, फाशावरच्या पाच ठिपक्यांसारख्या पाच पिना असलेला गोल डीआयएन प्लग आहे. हा प्लग बीबीसी मायक्रो या, डिसेंबर १९८१ मध्ये इंग्लंडमध्ये बाजारात आलेल्या, संगणकाच्या मागच्या बाजूला बसतो. चार महिने ही केबल जवळजवळ रोज वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. दुकानाचे मालक आता एकट्याला झेपेल एवढेच काम घेतात, त्यामुळे नाव आणि पत्ता छापू नका असे त्यांनी मला सांगितले आहे. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, मीही तेच म्हणतो, आणि ज्याला खरोखर गरज आहे त्याला चार दुकानांत विचारल्यावर ते सापडतात.

आधी या केबलची गरज का पडली ते सांगतो. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो निवडला. ३२ किलोबाइट मेमरी, २ मेगाहर्ट्झवर चालणारा ६५०२ प्रोसेसर आणि चालू करताच समोर उभी राहणारी बेसिक भाषा, एवढ्या भांडवलावर आम्ही गणिताच्या शिक्षकांनी त्या काळात मुलांना प्रोग्रॅम लिहायला शिकवले. पुढे ती यंत्रे अडगळीत गेली, भंगारात गेली, आणि त्यांतले एक, सव्वापाच इंची ३४ फ्लॉप्यांच्या डब्यासह, मी निवृत्तीच्या वेळी शाळेची रीतसर परवानगी घेऊन घरी आणले. त्या फ्लॉप्यांवर विद्यार्थ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम आहेत. त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. चुंबकीय थर दरवर्षी थोडा थोडा कमकुवत होत जातो, त्यामुळे हे काम आणखी पुढे ढकलणे मला योग्य वाटेना.

पहिली केबल मी दोन वर्षांपूर्वी एका संकेतस्थळावरून मागवली होती. ती दिसायला नीटनेटकी होती आणि बीबीसीकडून लॅपटॉपकडे माहिती पाठवताना तिने कधीही त्रास दिला नाही. उलट दिशेने पाठवायला लागलो की मात्र गोंधळ होई. लॅपटॉपवरून चारशे ओळींचा बेसिक प्रोग्रॅम बीबीसीला पाठवला की पहिल्या वीस-पंचवीस ओळी बरोबर येत, मग मधली अक्षरे गळू लागत, दोन ओळी एकमेकींत मिसळून जात, आणि चालवायला गेले की पडद्यावर ‘मिस्टेक’ हा शब्द उमटे. मी वेग कमी केला, लॅपटॉपमधले केबल चालवणारे सॉफ्टवेअर (ड्रायव्हर) बदलले, लॅपटॉपही बदलून पाहिला. दोष केबलमध्ये असेल असे मला वाटलेच नाही, कारण एका दिशेने तर ती उत्तम चालत होती.

कारण अण्णांनी शोधले. केबल हातात घेऊन त्यांनी प्लगचे आवरण काढले, आत पाहिले आणि म्हणाले, “सर, यात तीनच तारा आहेत. बाकीच्या दोन पिना इथंच एकमेकींना जोडून टाकल्यात.” पुढचे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे : “तीन तारांत काम होतंय म्हणणारा माणूस नुसतं पाठवत असतो, घेत नसतो.”

याचा अर्थ असा. बीबीसीच्या सिरियल सॉकेटमध्ये पाच संपर्क असतात. एकावरून माहिती बाहेर जाते, दुसऱ्यावरून आत येते, तिसरा शून्य व्होल्टचा सामाईक संपर्क असतो, आणि उरलेले दोन, म्हणजे आरटीएस व सीटीएस, हे ‘आता पाठव’ आणि ‘आता थांब’ एवढेच सांगण्यासाठी असतात. बीबीसीमध्ये आत येणारी अक्षरे साठवायला २५६ बाइटांची जागा राखून ठेवलेली आहे. ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, या वेगाने दर सेकंदाला ९६० अक्षरे येतात, कारण आठ बिटांच्या प्रत्येक अक्षरासोबत सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक असे दोन बिट जास्तीचे लागतात. म्हणजे यंत्र पाव सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ दुसऱ्या कामात गुंतले, पडदा वर सरकवत राहिले किंवा फ्लॉपीवर लिहू लागले, तरी ती जागा भरून जाते. ती भरत आली की बीबीसी आरटीएसच्या तारेवरून ‘थांब’ म्हणते. ती तार लॅपटॉपपर्यंत पोहोचतच नसेल, तर हे ऐकणार कोण? माझ्या पहिल्या केबलमध्ये आरटीएस आणि सीटीएस प्लगच्या आतच एकमेकांना जोडलेले होते. त्यामुळे यंत्राला स्वतःचाच होकार परत मिळे आणि ते निर्धास्तपणे पाठवत राही. समोरून येणारा लोंढा मात्र थांबवण्याचा कोणताही मार्ग त्याच्याकडे उरलेला नव्हता.

तीन तारांची केबल अगदीच निरुपयोगी असते असे मी म्हणणार नाही. १९७७ मध्ये वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी तयार केलेल्या एक्समोडेम पद्धतीत माहिती १२८ बाइटांच्या गठ्ठ्यांनी जाते, आणि प्रत्येक गठ्ठ्याची पोच मिळाल्याशिवाय पुढचा सुटत नाही. एक गठ्ठा २५६ बाइटांच्या जागेत सहज मावतो, त्यामुळे तीन तारांवरही एक्समोडेम चालू शकते. टेरा टर्मसारख्या, लॅपटॉपवरून सिरियल तारेशी बोलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक अक्षरामागे आणि ओळीमागे काही मिलिसेकंद थांबण्याचीही सोय आहे. मात्र हा थांबा अंदाजाने ठरवावा लागतो, आणि अंदाज चुकला की तो चुकल्याचे कळतही नाही. पाच तारांच्या केबलवर अंदाज करावाच लागत नाही; केव्हा थांबायचे ते यंत्र स्वतः सांगते. एवढ्या एका कारणासाठी मी अण्णांच्या केबलला पूर्ण गुण देतो.

केबल लगेच तयार झाली नाही, कारण प्लग मिळेना. सोलापुरातल्या वाद्यांच्या आणि ध्वनिक्षेपकांच्या दुकानांत पाच पिनांचा डीआयएन प्लग मागितला की जो पुढे येतो तो अर्धवर्तुळात पिना मांडलेला, म्हणजे मिडी जोडणीच्या संगीत कीबोर्डला आणि जुन्या टेपरेकॉर्डरला लागणारा असतो. बीबीसीला लागतो तो वेगळा. चार पिना चार कोपऱ्यांत आणि एक मध्यभागी, ज्याला डॉमिनो डीआयएन म्हणतात. मी स्वतः पाच दुकाने फिरलो आणि पाचही ठिकाणी ‘हाच तो, दुसरा नसतोच’ असे ठामपणे ऐकले. अण्णांनी मात्र जुन्या प्लगचे चित्र कागदावर काढून घेतले, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या आपल्या नेहमीच्या व्यापाऱ्याला फोन केला आणि दोन प्लग मागवले. एक माझ्यासाठी आणि एक, त्यांच्याच शब्दांत, ‘हात चुकला तर’. त्याला बारा दिवस लागले.

या प्लगचा एक दोष आहे आणि तो केबल बनवणाऱ्याचा नाही, मूळ रचनेचाच आहे. पाच ठिपक्यांची मांडणी अर्धा फेरा फिरवली तरी तशीच दिसते, म्हणून हा प्लग उलटाही तितक्याच सहजपणे आत जातो. उलटा बसला की काहीच चालत नाही, आणि नवखा माणूस तासन् तास वेगाचे आकडे बदलत बसतो. अण्णांनी प्लगच्या वरच्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटचा ठळक ठिपका दिला आहे आणि तसाच ठिपका यंत्राच्या मागे, सॉकेटच्या वर, कागदी चिकटपट्टीवर काढला आहे. ठिपक्यासमोर ठिपका आणायचा, एवढेच काम. बाजारात मिळणाऱ्या तयार केबलींवर असली खूण मी अजून पाहिलेली नाही.

जोडणी कशी केली आहे ते सविस्तर लिहितो, कारण दुसऱ्या गावातल्या वाचकाला हे आपल्या कारागिराला दाखवता येईल. लॅपटॉपच्या बाजूला, यूएसबीच्या वस्तूवर असलेल्या नऊ पिनांच्या जोडणीत २ क्रमांकावर माहिती आत येते, ३ वरून बाहेर जाते, ५ हा सामाईक संपर्क, ७ हा आरटीएस आणि ८ हा सीटीएस असतो. बीबीसीची बाहेर जाणारी तार २ ला, आत येणारी ३ ला, शून्य व्होल्ट ५ ला, बीबीसीचा सीटीएस ७ ला आणि आरटीएस ८ ला जातो. म्हणजे एकाचे बोलणे ते दुसऱ्याचे ऐकणे, ही अदलाबदल दोन्ही जोड्यांत व्हायला हवी. याशिवाय लॅपटॉपच्या बाजूला १, ४ आणि ६ या पिना आपापसांत जोडल्या आहेत, जेणेकरून समोर यंत्र आहे की नाही असे विचारणारे प्रोग्रॅम अडून बसत नाहीत. सगळ्यांत जास्त चुका होतात त्या आकृती कोणत्या बाजूने काढली आहे हे न पाहिल्यामुळे. पुस्तकातली आकृती सॉकेटकडे समोरून पाहताना काढलेली असते, सोल्डर करणारा प्लगकडे मागून पाहत असतो, तर कधी नेमके उलट असते. अण्णांनी कोणत्याच आकृतीवर विश्वास ठेवला नाही. यंत्र चालू करून त्यांनी मल्टिमीटरने प्रत्येक संपर्क मोजला. काही पाठवले जात नसताना बाहेर जाणाऱ्या तारेवर उणे ५ व्होल्टच्या आसपास दाब दिसला पाहिजे, आणि तो दिसला त्यावरूनच त्यांनी पुढचे सगळे ठरवले.

हा उणे दाब हा या विषयातला दुसरा मोठा मुद्दा आहे. बीबीसीचे पोर्ट आरएस-४२३ या, सिरियल तारेवरचे दाब ठरवणाऱ्या मानकाचे आहे आणि ते आरएस-२३२ या दुसऱ्या मानकाच्या उपकरणांशी जुळते. आरएस-२३२ मध्ये रेषेवर धन आणि ऋण असे दोन्ही दाब असतात, ३ ते १५ व्होल्टपर्यंत, आणि १ हा अंक ऋण दाबाने दाखवला जातो. आजकाल ‘यूएसबी टू सिरियल’ या एकाच नावाने दोन अगदी भिन्न वस्तू विकल्या जातात. एक आरएस-२३२ दाबाची, नऊ पिनांच्या प्लगची. आणि दुसरी छोट्या इलेक्ट्रॉनिक प्रकल्पांसाठीची, चार-सहा सुट्या तारांची, जिच्यात फक्त ० ते ५ किंवा ३.३ व्होल्ट असतात आणि अंकांचा अर्थही उलटा असतो. ही दुसरी वस्तू बीबीसीला थेट जोडून चालत नाही. मध्ये मॅक्स२३२ सारखी, ५ व्होल्टांतून धन आणि ऋण दोन्ही दाब तयार करणारी चिप लागते. अण्णांनी विचारले, “तुमच्याकडं आधीची कुठली वायर आहे का? असली तर आणा, तीच वापरू.” माझ्याकडची या दुसऱ्या प्रकारची निघाली आणि त्यांनी ती बाजूला ठेवून मला योग्य वस्तू घ्यायला लावली. आपली विक्री वाढावी म्हणून ते हे सांगत नव्हते, कारण ती वस्तू त्यांच्या दुकानात नव्हतीच. मी ती दुसरीकडून आणली.

आतल्या चिपविषयीही सावध राहावे लागते. एफटीडीआय कंपनीच्या चिपा या कामात विश्वासार्ह मानल्या जातात आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही भरपूर निघतात. २०१४ मध्ये त्या कंपनीच्या विंडोजसाठीच्या ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळखक्रमांक शून्य करून टाकला आणि अनेकांच्या चालत्या केबली एका रात्रीत निकामी झाल्या होत्या. म्हणून यूएसबीची वस्तू मी ओळखीच्या विक्रेत्याकडून पक्क्या पावतीवर घेतली, थोडे जास्त पैसे देऊन.

आता प्रत्यक्ष वापराचा अनुभव. जुन्या यंत्राशी बोलताना पहिली अडचण अशी असते की फाइल घेणारा प्रोग्रॅम यंत्रात नसतो, आणि तो यंत्रात पोहोचवायला फाइलच पाठवावी लागते. बीबीसीच्या रचनाकारांनी यावर फार सुंदर सोय करून ठेवली आहे. *एफएक्स ७,७ आणि *एफएक्स ८,७ या आज्ञांनी येण्याजाण्याचा वेग ९६०० ठरवायचा आणि मग *एफएक्स २,१ म्हणायचे. त्या क्षणापासून यंत्र कीबोर्डऐवजी सिरियल तारेवरून येणारी अक्षरे ‘टंकलेली’ समजते. लॅपटॉपवरून बेसिक प्रोग्रॅमचा साधा मजकूर पाठवला की जणू कोणी अदृश्य हाताने भराभर टंकत आहे अशा रीतीने तो पडद्यावर उतरत जातो. पाठवलेल्या मजकुराची शेवटची ओळ *एफएक्स २,० ठेवायची, म्हणजे कीबोर्ड परत आपल्या हाती येतो. याच कामात माझी पहिली केबल हरली होती आणि याच कामात अण्णांची केबल पहिल्याच दिवशी चारशेच्या चारशे ओळी एकही अक्षर न गाळता घेऊन आली. मी ती यादी ओळीला ओळ लावून तपासली.

एक सुधारणा मात्र मला करावी लागली. लॅपटॉपमध्ये यूएसबीची चिप आणि ड्रायव्हर स्वतःकडे काही अक्षरे धरून ठेवतात, त्यामुळे ‘थांब’ म्हटल्यानंतरही काही अक्षरे वाटेत असतात आणि ती येऊन पडतातच. बीबीसी मुळात फक्त ९ बाइटांची जागा उरल्यावर थांबण्याचा इशारा देते. जुन्या काळच्या सिरियल पोर्टांना तेवढी पुरत असे, आजच्या यूएसबीला ती कमी पडू शकते. *एफएक्स २०३,६४ अशी आज्ञा दिली की ६४ बाइटांची जागा उरलेली असतानाच इशारा जातो. ही आज्ञा दिल्यापासून एकदाही अक्षर गळलेले नाही. वेग १९२०० पर्यंत नेता येतो, पण त्या वेगाने अक्षरे घेण्याची हमी बीबीसीच्या पुस्तिकेतही दिलेली नाही. माझे मत असे की ९६०० वर समाधान मानावे.

उलट दिशेने, म्हणजे बीबीसीतून मजकूर बाहेर काढताना, *एफएक्स ५,२ म्हणून सिरियल प्रिंटर निवडायचा, कंट्रोल-बी दाबायचे आणि ‘लिस्ट’ म्हणायचे; लॅपटॉपवर टेरा टर्म ते सगळे फाइलमध्ये साठवते. येथे नवख्याला एक गोष्ट चकवते. बीबीसी प्रिंटरला नवीन ओळीचे चिन्ह मुळात पाठवतच नाही, फक्त ओळीच्या सुरुवातीला परतण्याचे चिन्ह पाठवते, त्यामुळे लॅपटॉपच्या पडद्यावर सगळ्या ओळी एकाच ओळीवर एकमेकींवर छापल्या जाताना दिसतात आणि केबल बिघडली असे वाटते. टेरा टर्मच्या टर्मिनल सेटिंगमध्ये हे एकदा बदलले की प्रश्न संपतो.

पूर्ण फ्लॉपीची प्रत काढायची तर सेक्टर, म्हणजे फ्लॉपीवरचे छोटे कप्पे, वाचून एक्समोडेमने पाठवणारा छोटा प्रोग्रॅम लागतो. चाळीस ट्रॅकांच्या (गोल पट्ट्यांच्या) फ्लॉपीच्या एका बाजूवर दर ट्रॅकला दहा सेक्टर आणि दर सेक्टरला २५६ बाइट याप्रमाणे १,०२,४०० बाइट असतात, म्हणजे बरोबर ८०० गठ्ठे. निव्वळ तारेवरचा वेळ दोन मिनिटांच्या आत येतो, पण फ्लॉपी वाचण्याचा आणि पोच मिळण्याचा वेळ धरून माझ्याकडे एका फ्लॉपीला तीन मिनिटांच्या आसपास लागतात. एफटीडीआयच्या ड्रायव्हरमध्ये ‘लेटन्सी टायमर’ नावाची, आलेली अक्षरे पुढे देण्याआधी किती थांबायचे ते ठरवणारी, एक संख्या असते. ती मुळात १६ मिलिसेकंद असते आणि दर गठ्ठ्याला तेवढा वेळ गेला तर ८०० गठ्ठ्यांत जवळजवळ तेरा सेकंद वाया जातात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ती १ करावी.

ज्या दिवशी डब्यातली नववी फ्लॉपी उतरली, त्या दिवसाविषयी थोडे लिहितो. आमच्या शाळेतल्या अनेक मुलांची घरे पूर्वभागात होती आणि त्यांच्या घरात किंवा शेजारी माग चालत असे. त्यांतल्या एका विद्यार्थ्याने नववीत असताना चादरीच्या किनारीची नक्षी बीबीसीवर काढली होती. जकार्ड मागावर, म्हणजे पुठ्ठ्यांवरच्या छिद्रांनुसार नक्षी विणणाऱ्या मागावर, नक्षी चढवण्याआधी ती चौकटीच्या कागदावर काढतात, भरलेला चौकोन म्हणजे धागा उचलायचा आणि रिकामा म्हणजे नाही, हे त्याने वडिलांकडे पाहिलेले होते. तोच कागद त्याने डेटा ओळींत एक आणि शून्य असा उतरवून घेतला आणि चार रंगांच्या मोड १ मध्ये ती किनार पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विणत नेली. त्या काळी मी त्याला चांगले गुण दिले होते, पण त्या मुलाला काय उमगले होते हे मला तेव्हा पुरते कळले नव्हते. जकार्डची पुठ्ठ्याची छिद्रे आणि संगणकाचे अंक यांचा संबंध त्याने कोणी न सांगता, घरातल्या मागावरून ओळखला होता. ती फाइल लॅपटॉपवर जशीच्या तशी उतरली, मी ती परत यंत्राला पाठवली, आणि पडद्यावर पुन्हा ती किनार विणली गेली. दोन्ही प्रवासांत एकही ठिपका हलला नाही.

केबल बनवण्याच्या आधी अण्णांनी जे केले तेही सेवेच्या परीक्षणात यायला हवे. मी यंत्र दुकानात नेऊन ‘लावून पाहू या’ म्हणालो, तेव्हा त्यांनी प्लग लावू दिला नाही. वीजपुरवठ्याची पेटी उघडून त्यांनी पिवळसर पारदर्शक कवचाचे, बारीक तडे गेलेले दोन कपॅसिटर मला दाखवले. मुख्य विजेवरचा गोंगाट गाळणारे हे जुने कागदी कपॅसिटर तड्यांतून ओलावा ओढून घेतात आणि वर्षांनंतर वीज मिळताच फुटून दाट धूर सोडतात. बीबीसी मायक्रोच्या बाबतीत हे सर्वत्र माहीत असलेले दुखणे आहे. त्यांनी ते बदलले, फ्लॉपी ड्राइव्हमध्ये साचलेले कापसाचे तंतू काढले, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले आणि मगच यंत्र चालू केले.

आता उणिवा. केबल सुमारे दीड मीटर लांब आहे आणि मला ती अपुरी पडते, कारण बीबीसी माझ्या खोलीत एका भिंतीशी आणि टेबल दुसऱ्या भिंतीशी आहे. आरएस-२३२ ला यापेक्षा कितीतरी जास्त लांबी चालते, त्यामुळे तीन मीटर सहज देता आली असती. लांबी मी आधीच सांगायला हवी होती हे खरे, पण त्यांनीही विचारले नाही. तारेवरचे जाळीचे आवरण पहिल्या वेळी कोठेच जोडलेले नव्हते, मी परत नेल्यावर त्यांनी ते लॅपटॉपच्या टोकाला जोडून दिले. प्लगपाशी तार वाकते तेथे आधाराची रबरी नळी हवी होती. सध्या हीट श्रिंकची (तापवली की आवळणारी) नळी आहे आणि ती उन्हाळ्यात सैल पडली. तारांचे रंग आणि पिनांचे क्रमांक यांचा कागद सोबत मिळत नाही, मागून घ्यावा लागतो. दुकान दुपारी दोनपासून पाचपर्यंत बंद असते, आणि फोनवर ‘झालं, या’ असे ऐकून गेल्यावर काम अर्धे असल्याचा अनुभव मला एकदा आला. घाई असणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

खर्च असा झाला : यूएसबीची वस्तू १,६५० रुपये, प्लग, तार आणि मजुरी मिळून ४५० रुपये, वीजपुरवठ्याची दुरुस्ती ३०० रुपये. पहिल्या, वाया गेलेल्या केबलला मी याच्या निम्मे दिले होते.

हीच केबल दुसऱ्या जुन्या यंत्रांना चालेल का, असे मला दोघांनी विचारले. नाही. कमोडोर ६४ च्या यूजर पोर्टवरचा सिरियल संकेत ० ते ५ व्होल्टांचा असतो आणि त्यावर आरएस-२३२ चे दाब थेट दिले तर यंत्राची चिप जळू शकते. मूळ झेडएक्स स्पेक्ट्रमला स्वतःचे आरएस-२३२ पोर्टच नाही; ते १९८३ मध्ये आलेल्या इंटरफेस १ सारख्या जोडउपकरणाने मिळते. ॲपल टू-सी ला पाच पिनांचे गोल सॉकेट आहे, पण ते अर्धवर्तुळाचे. अमिगा आणि अटारी एसटी यांना २५ पिनांचे पोर्ट असल्याने त्यांचे काम सोपे आहे. प्रत्येक वेळी यंत्र सोबत घेऊन जावे, नुसते छायाचित्र नेऊ नये. अण्णा मोजल्याशिवाय सोल्डरिंगला हात लावत नाहीत.

ज्याच्याकडे शेकडो फ्लॉप्या आहेत त्याने केबलच्या वाटेला जाऊ नये, हेही सांगतो. ग्रीझवीझलसारखे उपकरण फ्लॉपी ड्राइव्ह थेट लॅपटॉपला जोडून चुंबकीय नोंद जशी आहे तशी वाचते, त्याला बीबीसी लागतही नाही आणि ते खराब फ्लॉपीतूनही अधिक काढू शकते. पण यंत्र चालू स्थितीत असेल, फ्लॉप्या थोड्या असतील आणि प्रोग्रॅम नुसता साठवायचा नसून त्याच यंत्रावर पुन्हा चालवायचा, बदलायचा आणि परत न्यायचा असेल, तर यंत्राचे झाकण न उघडता दोन्ही दिशांनी काम करणारी पाच तारांची केबल मला अधिक उपयोगाची वाटते.

माझ्या ३४ फ्लॉप्यांपैकी ३१ उतरल्या आहेत. उरलेल्या तिन्हींवर बुरशीचे पांढरे डाग आहेत आणि ड्राइव्ह त्या वाचत नाही; त्यात केबलचा काही दोष नाही. त्यांवरची बुरशी पुसण्याआधी अण्णांनी एक रिकामी, निरुपयोगी फ्लॉपी घेऊन सराव करायला सांगितले आहे, आणि तीन मीटरच्या दुसऱ्या केबलसाठी तो जास्तीचा प्लग त्यांनी माझ्या नावाने बाजूला ठेवला आहे.